समजून घेण्याचा भार

परदेशी व्यापारासाठी जाणाऱ्या तरुणांना परक्या माणसांशी कसे वागावे हे शिकविणारी पुस्तके अलीकडे पुष्कळ निघाली आहेत. जपानी गृहस्थाने पुढे केलेले नावाचे कार्ड दोन्ही हातांनी कसे स्वीकारावे, जर्मन माणसाच्या भेटीस पाच मिनिटेही उशिरा का जाऊ नये, अरब यजमानाने दिलेली कॉफी का नाकारू नये, इत्यादी गोष्टी त्यांत मोठ्या बारकाईने सांगितलेल्या असतात. आणि ज्यांना लक्षावधी रुपयांचे सौदे पटवायचे असतात ते लोक विमानात बसल्या बसल्या त्या पाठही करतात. परंतु पुण्यात किंवा नाशिकात शिकून तयार झालेली एखादी परिचारिका, एखादा पटवारी, वनरक्षक अथवा प्राथमिक शिक्षक नेमणुकीचा हुकूम घेऊन यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात रुजू होतो, तेव्हा आपणही एका अर्थी परमुलखात आलो आहोत याची जाणीव त्याला कोणी करून द्यावी, असे आजवर फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. राज्य एक, राजभाषा एक, सातबाऱ्याचा नमुना एक. मग नव्याने शिकण्यासारखे उरले काय, अशी कचेऱ्यांतून सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत पुस्तिका अशा कर्मचाऱ्यांसाठी आणि त्या समजुतीविरुद्ध लिहिलेली आहे, आणि एवढ्याच कारणासाठी तिला चार शब्दांची जोड देण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश इतिहासाने अनेक वेळा एका दफ्तरातून उचलून दुसऱ्या दफ्तरात ठेवला आहे. १८५३ च्या तहाने निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड कंपनी सरकारच्या अंमलाखाली आले. १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा निराळा जिल्हा झाला व तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्यातील पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळचे नाव मिळाले. दरम्यान १९०३ पासून मध्यप्रांत, मग द्वैभाषिक मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र. या प्रत्येक फेरफाराने कागदांवरील शिक्के बदलले, पण ज्यांच्याविषयी ते कागद होते ती माणसे जागच्या जागीच राहिली. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या बाजूस कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, आहेत. गोंडांची गावे आहेत, आणि गोंडांचे परंपरागत भाट जे परधान तेही आहेत. पुसद, दिग्रस, महागावकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. उमरखेडच्या डोंगराळ पट्ट्यात आंध आहेत, जे आदिवासी असूनही पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलतात. माळरानांवर फासेपारध्यांचे बेडे आहेत. आणि या सर्वांच्या मध्ये काळ्या जमिनीवर कापूस पिकविणारा वऱ्हाडी कुणबी, पुसद-दिग्रसच्या मोहल्ल्यांतील उर्दूभाषी मुसलमान, सरकीच्या धंद्यासाठी आलेला मारवाडी व गुजराती पेढीवाला, वणीच्या कोळसाखाणींवर पोटासाठी आलेला तेलुगू आणि हिंदी मजूर. २०११ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सत्तावीस लाखांवर भरली, आणि तिच्यात पाचांपैकी जवळजवळ एक माणूस अनुसूचित जमातींपैकी होता.

इतक्या प्रकारची माणसे एकत्र नांदत असताना त्यांचा परस्परांशी व्यवहार मुळीच होत नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. व्यवहार होत होता, आणि उत्तम होत होता. प्रश्न एवढाच की, तो होण्यासाठी श्रम कोण घेत होते. पोडावरचा साधा कोलाम पाहा. घरी तो कोलामी बोलतो, शेजारच्या गावी गोंडी निभावून नेतो, पांढरकवड्याच्या बाजारात वऱ्हाडीत घासाघीस करतो आणि पैनगंगेपलीकडे सोयरीक असेल तर कामापुरते तेलुगूही त्याला येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने तीन-चार भाषा आत्मसात केल्या, त्या कशाकशासाठी? मीठ घेण्यासाठी, कर्ज मागण्यासाठी, रखवालदाराची विनवणी करण्यासाठी. त्याच्यासमोर खुर्चीत बसलेला पदवीधर अंमलदार तीन वर्षे त्या तालुक्यात काढतो आणि बदली होऊन जातो, तेव्हा त्याला कोलामीतले एक वाक्य येत नसते. एवढेच नव्हे, तर ‘हे लोक बोलतच नाहीत, फार बुजरे आहेत’, असा शेरा तो निःशंकपणे मारून जातो. समजून घेण्याचा सगळा भार आपण आजवर त्याच्यावर टाकला, ज्याच्या अंगी तो वाहण्याची शक्ती सर्वांत कमी होती आणि ज्याचे न समजल्यास होणारे नुकसान सर्वांत अधिक होते. ज्याच्या हाती लेखणी, शिक्का किंवा औषधाची बाटली आहे त्याने तो आपल्या खांद्यावर घेतला पाहिजे. या पुस्तिकेतील बहुतेक सूचना अखेर याच एका गोष्टीकडे येऊन पोहोचतात, जरी पुस्तिकाकारांनी हे इतक्या रोखठोकपणे कोठे म्हटलेले नाही.

सत्ता आणि ज्ञान यांच्यातील ही दरी जुनीच आहे. ग्रिअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषिक पाहणीचा जो चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वऱ्हाडातील कोलामीची दखल घेतलेली आहे. आणि तिच्या शेजारीच पुसद तालुक्यातील एका बोलीचीही, जी स्थानिक माहितीप्रमाणे ‘भिली’ म्हणून नोंदली गेली होती. त्या खंडाचे काम पाहणाऱ्या स्टेन कोनोव्ह या नॉर्वेजियन पंडिताने पाठविलेले नमुने तपासले, तेव्हा ती भिली मुळीच नसून कोलामीच्या जवळची एक द्राविडी बोली आहे, असे आढळून आले. म्हणजे ज्या तालुक्यात वर्षानुवर्षे जमाबंदी होत होती, मोजण्या होत होत्या, खानेसुमारी होत होती, तेथील एका समाजाची भाषा कोणत्या कुळातील हे युरोपातील एका पंडिताला कागदावरच्या चार ओळींवरून कळले, आणि ज्यांच्या कचेरीबाहेर ती माणसे ताटकळत उभी असत त्यांना कळले नाही. यात त्या पंडिताचे कौतुक आहेच. पण कचेरीतल्या कानांविषयीही काही बोध घेण्यासारखा आहे. पुढे १९३७–३८ च्या सुमारास मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील कोलामांमध्ये बसून त्यांची भाषा टिपून घेत होते, आणि त्यातून १९५५ मध्ये कोलामीवरचा त्यांचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तो वर्ध्याच्या किंवा यवतमाळच्या किती कचेऱ्यांत पोहोचला असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, त्या वेळच्या निजामी राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, जे घडले त्याची हकिकत मात्र येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. कारण तेथील गोंड, कोलाम आणि परधान हे अलीकडच्यांचेच भाऊबंद, आणि नदीने त्यांची फक्त सरकारे वेगळी केली होती. अलीकडे खालच्या कचेऱ्यांतून मराठी चाले, पलीकडे उर्दू. गोंडाला घरात गोंडी, बाजारात मराठी आणि फिर्याद करायची झाल्यास उर्दू, अशी तिहेरी पायरी होती, आणि या तिसऱ्या पायरीवर तो सर्वस्वी अर्जनवीसाच्या अधीन होता. अर्जनवीस काय लिही हे अर्जदारास समजत नसे, आणि त्यावर झालेला हुकूम काय सांगतो हे समजण्यास पुन्हा त्यालाच पैसे मोजावे लागत. जंगल राखीव करण्याच्या हद्दी आखल्या गेल्या, पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनी त्या हद्दींच्या आत गेल्या, आणि ज्यांची शेते गेली त्यांना आपली शेते गेल्याचे पुष्कळदा वनखात्याचे शिपाई दारात येऊन उभे राहिले तेव्हाच उमगले. १९४० मध्ये कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली जो उठाव झाला व जोडेघाटच्या डोंगरात जो गोळीबार होऊन भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले, त्याची कारणे जमिनीची आणि जंगलाची होती, यात संशय नाही. भाषेचे गैरसमज दूर झाले असते म्हणजे उठाव टळला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि अन्याय झाला असताना तो वरपर्यंत सांगता येण्याची एकही वाट उघडी नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

या रक्तपातानंतर निजाम सरकारला जाग आली, आणि ती आणण्याच्या कामी एक विलक्षण माणूस उपयोगी पडला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात होता, आणि त्याच्याजवळ जर्मन पारपत्र असल्यामुळे इंग्रज सरकारने त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याचे बंधन घातले. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकवलेल्या या माणसाने त्या स्थानबद्धतेतील बराच काळ आदिलाबादच्या जंगलात गोंडांबरोबर राहण्यात घालवला. मार्लवाई या गावी १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे गोंडी भाषेतील प्राथमिक वाचनपाठ तयार झाले, आणि ते देवनागरी लिपीत छापले गेले. राज्य उर्दूचे, जिल्ह्याच्या मोठ्या भागात तेलुगू. तरी पण बाजारहाटातून गोंडांच्या कानांना आणि डोळ्यांना सर्वांत ओळखीची झालेली लिपी मराठीची होती, म्हणून ती निवडली. या निवडीत जो साधा व्यवहारी शहाणपणा आहे, तो मला पुष्कळ मोठ्या शैक्षणिक धोरणांत आढळत नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी दरबार भरवून आदिवासींची गाऱ्हाणी ऐकावीत, ही प्रथाही त्याच्याच पुढाकाराने सुरू झाली आणि ती अद्याप चालू आहे. तिच्यातील खरी गोष्ट ही की, फिर्यादीने कचेरीकडे जाण्याऐवजी कचेरी फिर्यादीच्या देवाच्या अंगणात गेली, जेथे तो चार आपल्या माणसांत उभा असतो आणि बोलायला कचरत नाही.

त्याच जिल्ह्यात काम केलेला दुसरा अधिकारी आपला मराठी होता. सेतुमाधवराव पगडी हे नाव महाराष्ट्राला मोगल-मराठे संघर्षाचे फारसी कागद मराठीत आणणारे इतिहासकार म्हणून परिचित आहे. पण हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलकी कारभाराचा बोजा संभाळणाऱ्या माणसाने व्याकरण लिहिण्याइतकी भाषा कशी संपादन केली असेल? फिरतीवर असताना, मुक्कामाच्या गावी, संध्याकाळी लोकांत बसूनच ती झाली असणार, हे उघड आहे. ‘आम्हाला वेळ कोठे असतो?’ ही जी नेहमीची सबब आहे, तिला पगडींचे हे एक पुस्तक पुरेसे उत्तर आहे.

परंतु प्रत्येकाने पगडी व्हावे, ही अपेक्षा अवास्तव आहे, हे मला मान्य आहे. ज्याला भाषा येत नाही त्याला मध्यस्थ लागणारच. आणि मध्यस्थाविषयी या पुस्तिकेत जे प्रकरण आहे ते मला सर्वांत मोलाचे वाटते. या प्रदेशात दुभाष्याचा धंदा नवा नाही. परधानांचे उदाहरण तर एखाद्या विद्यापीठाने अभ्यासावे असे आहे. हे गोंडांचे भाट. किंगरीच्या साथीवर गोंडांच्या कुळांचे आणि देवतांचे आख्यान गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क. पण या परधानांपैकी पुष्कळांची घरची भाषा मराठी आहे, आणि आख्याने मात्र ते गोंडीत गातात. यजमानाचा धर्म, त्याचा इतिहास, त्याच्या कुळाचे उगम त्याच्याच भाषेत, त्याच्याहूनही शुद्ध पाठाने मुखोद्गत ठेवणारा हा माणूस घरी गेल्यावर बायकोमुलांशी मराठीत बोलतो. यजमान आणि भाट यांच्यात पंक्तिभेद होता, उच्चनीचभाव होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्याची भाषा केवळ कामापुरती न शिकता तिच्यातील पवित्र ते जपण्याची जबाबदारी पत्करणारा असा मध्यस्थवर्ग एका समाजरचनेने निर्माण केला, आणि तो शतकानुशतके टिकला. त्याचे पोटही त्यावरच चाले, हे विसरता कामा नये. दुभाष्याला आपण आज फुकट राबवितो.

आजचा दुभाषी कोण आहे? बहुधा आश्रमशाळेतून सुट्टीत घरी आलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, नाहीतर गावची आशा कार्यकर्ती. डॉक्टर आजीला विचारतात, नातू तिला कोलामीत सांगतो, आजी उत्तर देते, नातू त्याचे मराठी करतो. आता आजीचा आजार जर असा असेल की तो नातवासमोर उच्चारणे तिला प्राण गेला तरी शक्य नाही, तर त्या तपासणीतून काय निष्पन्न होणार? आजी डोके दुखते म्हणून सांगते, आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी जाते. डॉक्टरांच्या नोंदवहीत ती बरी झालेली असते. दुभाषी निवडताना त्याचे वय, त्याचे लिंग आणि रुग्णाशी असलेले त्याचे नाते यांचा विचार भाषेच्या आधी करावा, ही पुस्तिकेतील सूचना वरवर क्षुल्लक दिसली तरी सोन्यासारखी आहे.

मौनाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कागदावर ‘उपस्थितांनी संमती दर्शविली’ असे जे इतिवृत्तांत लिहिले जाते, त्याचा बारकाईने तपास केला तर त्यातील बरीचशी संमती म्हणजे निव्वळ गप्प बसणे असते. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मोठे अखत्यार दिले, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. पण त्या ग्रामसभेत बाहेरून आलेला अधिकारी दोन तास थांबून, ठराव वाचून दाखवून, अंगठे घेऊन मोटारीत बसणार असेल, तर त्याने कायद्याचे अक्षर पाळले एवढेच. कोलामांच्या पोडात निर्णय होतो तो नाईक, महाजन आणि वडीलधारी मंडळी चावडीत बसून, सावकाश, एकमेकांचे ऐकून, पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाहुण्याला तोंडावर नकार देणे असभ्यपणाचे, आणि साहेबाला नकार देणे धोक्याचे. तेव्हा मान डोलावून वेळ मारून नेणे हा जो उपाय आहे, तो भित्रेपणाचा नसून दीर्घ अनुभवाने शिकविलेला आहे. अशा ठिकाणी होकार ताबडतोब मिळाला तर अधिकाऱ्याने आनंदित होण्याऐवजी सावध व्हावे, आणि उत्तरासाठी आठ दिवसांनी पुन्हा येतो असे सांगून खरोखरच पुन्हा यावे.

संवाद उत्तम चालला आहे आणि तरी एक पक्ष त्याच्या बाहेर ठेवलेला आहे, असाही प्रकार असतो. नियंत्रित बाजारपेठा येण्यापूर्वी देशातील अनेक बाजारांत दलाल आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. त्यांची ती मूक भाषा इतकी अचूक होती की, निरनिराळ्या प्रांतांतील, एकमेकांचे शब्द न कळणारी माणसे तिच्यात सौदा चुकल्याशिवाय पुरा करीत. न कळे ते एकट्या शेतकऱ्याला, ज्याचा माल विकला जात असे. वऱ्हाडात १८८६ साली कारंज्याला देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो सरकारला गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता म्हणून, हे खरे. परंतु जाहीर रीतीने भाव बोलला जावा या तत्त्वाची मुळे तेथेच रुजली.

याच कापसाच्या शेतात २०१७ च्या खरीप हंगामात जे घडले, त्याचा उल्लेख टाळून यवतमाळमधील संवादाविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका हंगामात जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळांत दाखल झाले. चौकशा झाल्या, विशेष तपास पथक नेमले गेले. त्या वर्षी पिकाची उंची डोक्यापर्यंत गेली होती, हवा कोंदट होती, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती, जोराने फवारणारे पंप आले होते, आणि तोंडाला बांधायला जुन्या उपरण्यापलीकडे काही नव्हते; ही सर्व कारणे सांगितली गेली व ती खरीही आहेत. मला येथे बाटलीविषयी बोलायचे आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. निरक्षरालाही कळावे म्हणून केलेली ही योजना आहे, आणि तिच्यामागचा हेतू निर्विवाद चांगला आहे. पण लाल रंगाने भ्यावे, हे कोणी कोणाला सांगितले होते? ज्या मुलखात लाल हा कुंकवाचा, शेंदराचा, देवाच्या दगडाला लावायचा रंग आहे, तेथे तो पाहून माणूस हात आखडता घेईल असे गृहीत धरणाऱ्याने सडकेवरचे दिवे पाहिले होते, शेताचा बांध पाहिला नव्हता. सोबतच्या माहितीपत्रकात अनेक भाषांतील मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत दाटलेला. आणि मुख्य गोष्ट अशी की, बाटली विकत घेणारा एक, ती फोडून टाकीत ओतणारा दुसरा आणि पंप पाठीवर घेऊन रोजाने फवारणारा तिसरा. या तिसऱ्याच्या हाती ते पत्रक येतच नाही. त्याला जे काही कळते ते मालकाच्या तोंडून, आणि मालकाला कृषी केंद्राच्या दुकानदाराच्या तोंडून, ज्याचा नफा बाटल्या खपण्यावर आहे. लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य केले, छापणाऱ्याने केले, नियमाची पूर्तता झाली; आणि एवढे सगळे सांगूनही, ज्याला सांगायला हवे होते त्याला कोणीच काही सांगितले नव्हते.

भाषा एकच असली म्हणजे मने जुळतात, हा आणखी एक भ्रम. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या शिक्षकाला वऱ्हाडी मुलाच्या तोंडी ‘ळ’च्या जागी ‘य’ ऐकू आला की हसू येते, आणि ते हसू त्या मुलाला पुढची चार वर्षे मुके करून टाकते. पुणेरी माणसाचे आडवळणाचे, ‘जरा बघू या’, ‘शक्य झाल्यास पाहतो’ अशा थाटाचे बोलणे वऱ्हाडी शेतकऱ्याला लबाडीचे वाटते. उलट ‘काहून आले बावा?’ हा अगत्याचा प्रश्न पाहुण्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. आंधांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ते मराठीच बोलतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी दुभाषी घेऊन जात नाही, आणि त्यांच्या चालीरीती, त्यांचे देव, त्यांचे नात्यागोत्याचे नियम निराळे असू शकतात, याचा विचारही कोणी करीत नाही. परक्या भाषेपुढे माणूस निदान सावध तरी असतो.

दुसऱ्याच्या जीवनात शिरून बोलणे म्हणजे काय, हे जिल्ह्याच्या सार्वजनिक इतिहासात पाहायचे असेल तर १९३० सालच्या पुसदकडे वळावे. वणीत जन्मलेले, संस्कृतचे गाढे पंडित, टिळकांचे अनुयायी लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै रोजी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. दांडीच्या मिठाने साऱ्या देशाला हलविले होते. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या या मुलखातील शेतकऱ्याला राजसत्ता रोज भेटत असे ती जंगलखात्याच्या रूपाने, गुरांच्या चाऱ्यावर घातलेल्या बंदीच्या आणि कोंडवाड्याच्या रूपाने. अणे यांनी गांधीजींचा विचार वऱ्हाडात आणताना त्यातील वस्तूच बदलली, आणि विचार अधिक स्पष्ट झाला. संस्कृतात काव्यरचना करणाऱ्या विद्वानाला गवताचे मोल कळावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

पुसदचेच दुसरे नाव वसंतराव नाईक यांचे. गहुली या गावी, बंजारा तांड्यावर १९१३ मध्ये जन्मलेला हा मुलगा नागपुरात शिकून वकील झाला, पुसदचा नगराध्यक्ष झाला आणि १९६३ ते १९७५ असा प्रदीर्घ काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, न्यायालयात इंग्रजी आणि विधानसभेत प्रमाण मराठी, एवढ्या भूमिका या एका माणसाला सहजतेने वठवाव्या लागल्या. त्याच्या या यशाचा गौरव आपण योग्यच करतो. पण त्याच्या सहकाऱ्यांपैकी कोणाला गोरमाटी शिकण्याची गरज भासली असेल, असे वाटत नाही. मुख्यमंत्र्याच्या बाबतीतही भार तोलण्याचा काटा त्याच बाजूला झुकलेला राहिला. बंजारे आपल्या लोकांना ‘गोर’ आणि बाहेरच्यांना ‘कोर’ म्हणतात. तांड्यात प्रथमच जाणाऱ्या कोराने आधी तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नाईकाच्या, दारी जावे, परस्पर घराघरांतून हिंडू नये, हा पुस्तिकेतील सल्ला अनुभवी माणसाचा आहे.

आता पुस्तिकेविषयी एक तक्रार. तिच्या उत्तरार्धात ‘कोलाम असे असतात’, ‘गोंड असे करतात’, या धर्तीची जी विधाने आहेत, ती वाचताना मला अस्वस्थ वाटले. पोडावरच्या तरुणाच्या हातात आज मोबाइल आहे. तो हैदराबादला बांधकामावर जाऊन आलेला असेल, त्याची बहीण नर्सिंग शिकत असेल, आणि आपण पुस्तकात वाचलेली चाल त्याच्या आजोबांनीच सोडून दिलेली असेल. शिवाय ज्यांना उद्देशून ही पुस्तिका लिहिली आहे त्या कर्मचाऱ्यांत आता गोंड शिक्षक आहेत, बंजारा डॉक्टर आहेत, परधान अधिकारी आहेत. त्यांना ती वाचताना काय वाटेल, याचा विचार पुढील आवृत्तीच्या वेळी अवश्य व्हावा. केंद्र सरकारने कोलामांना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत घातले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी योजना येतात हे चांगलेच. परंतु त्या वर्गवारीतून दिसणारा माणूस आणि चावडीत बसून तंबाखू मळणारा, मिस्कील बोलणारा माणूस एकच असेल याची खात्री धरू नये. आणि संविधानाच्या कलम ३५० (क) अन्वये अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयींचा जो निर्देश १९५६ पासून आहे, त्याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. पहिलीच्या वर्गात कोलामी मुलाशी कसे बोलावे हे शिक्षकाच्या सौजन्यावर सोडण्याचा विषय नाही, ती राज्याची बांधीलकी आहे, हे स्वच्छ शब्दांत यायला हवे होते.

शेवटी पुस्तिकाकारांस एक व्यावहारिक सूचना करतो. पुस्तिकेच्या अखेरीस पंचवीस-तीस कोरी पाने बांधावीत. ज्या पोडावर, तांड्यावर किंवा गोंडांच्या गुड्यावर जो कर्मचारी काम करील, त्याने तेथील नाईकाचे नाव, बाजाराचा वार, सणांचे दिवस, कोणत्या म्हातारीचा शब्द गावात चालतो, कोणत्या प्रश्नाला लोक गप्प होतात आणि कोणत्या वेळी मोकळे होतात, हे आपल्या हाताने त्यांत लिहावे. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येईल, तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, मोजणीची साखळी आणि जड वस्तूंची नोंदवही यांच्यासोबत ही पुस्तिकाही चार्जच्या यादीत चढवून पुढच्या माणसाच्या हवाली करावी, आणि पोचपावती घ्यावी.